स्कॅनरवर ऐकलेल्या पार्क रेंजरांच्या हाका: कोण कोणाला बोलावतंय, हे ओळखायचं कसं?

अनुनाद (कर्वेनगर)

नमस्कार मंडळी,

यंदा उन्हाळ्यात मुलीकडे कॅलिफोर्नियात मुक्काम होता. जावयाकडे हातात मावेल असा युनिडेनचा स्कॅनर आहे, म्हणजे हवेतलं रेडिओवरचं बोलणं शोधून ऐकवणारं यंत्र. सिएरा नेवाडा पर्वतातल्या एका राष्ट्रीय उद्यानात आम्ही राहायला गेलो तेव्हा तो सोबत घेतला होता. बाकीचे झाडं बघायला निघाले की मी गुडघ्यांमुळे मागे थांबायचो आणि रेंजरांचं बोलणं ऐकत वहीत टिपत बसायचो. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली असल्यामुळे तारेवरचं किंवा हवेतलं बोलणं कानावर पडलं की मला उठवत नाही.

इंग्रजी समजतं, शब्दही कळतात, पण बोलणारा कोण ते कळत नाही. वहीतल्या काही नोंदी देतो.

रोज सकाळी ठरलेल्या वेळी नियंत्रण कक्षातल्या एक बाई एकामागून एक हाका मारायच्या. हाकेत माणसाचं नाव नसायचं, एखाद्या कुरणाचं किंवा तळ्याचं असायचं. पलीकडून खरखरीत आवाजात उत्तर यायचं: रात्री पाऊस किती झाला, आज कुठल्या वाटेने जाणार, संध्याकाळी कुठे पोचणार. कोणी उत्तर दिलं नाही तर बाई पुढे जायच्या आणि यादी संपली की त्याला पुन्हा हाक मारायच्या.

दिवसभर मात्र आकडे चालायचे. 'थ्री-टेन', 'थ्री-ट्वेंटी', 'थ्री-ट्वेंटी-टू'. मधूनच पाचशेच्या घरातले आकडे यायचे आणि त्यांचं बोलणं पंप, पाण्याची टाकी, तुंबलेली गटारं असं असायचं.

एका दुपारी नदीच्या खडकावरून पाय घसरून कोणीतरी पडलं. तिथे आधी थ्री-ट्वेंटी-टू पोचला. नंतर हा आकडा हवेतून नाहीसाच झाला आणि अगदी त्याच आवाजात 'रिव्हर आयसी' बोलू लागला. हा कोण? त्याच गडबडीत 'आरपी' हे नाव सारखं येत होतं, पण आरपीला कोणी हाक मारली नाही आणि त्याने स्वतःही कधी उत्तर दिलं नाही. 'व्हीआयपी'ही दोनदा आलं. मंत्रीबिंत्री आलेत म्हणावं तर बंदोबस्ताची भाषा कुठेच नव्हती.

आणि शेवटचं कोडं. थ्री-ट्वेंटी हा आकडा एके दिवशी पुरुषाच्या आवाजात होता, दुसऱ्या दिवशी बाईंच्या.

मला कोणाची नावं नको आहेत. या हाकांच्या मागची मांडणी समजून घ्यायची आहे. कोणी असं ऐकलं आहे का?

व्हीएचएफवाली

अनुनादकाका, नोंदी फार चांगल्या ठेवल्या आहेत. मी सहकारनगरची, हॅम म्हणजे हौशी रेडिओची परवानाधारक. तिकडे शिकायला होते तेव्हा हेच करत असे.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ जातो. तिकडच्या बहुतेक सरकारी जाळ्यांवर ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी येतं आणि बोलणाऱ्याचं नंतर. 'डिस्पॅच, थ्री-ट्वेंटी-टू' याचा अर्थ थ्री-ट्वेंटी-टू बोलतोय आणि त्याला डिस्पॅच, म्हणजे नियंत्रण कक्ष, हवा आहे. काही संस्थांमध्ये हा क्रम उलटा असतो, म्हणून पहिल्या तासात फक्त एवढंच तपासायचं: उत्तर कोणी दिलं? उत्तर देणाऱ्याचं नाव हाकेत पहिलं होतं की दुसरं? हे चुकलं तर पूर्ण वहीत माणसांची अदलाबदल होते.

दुसरं, आकड्यानंतर येणारा शब्द. 'थ्री-ट्वेंटी-टू ऑन' आणि पुढे एखाद्या डोंगराचं नाव आलं तर ते हाकेचा भाग नसतं. तो रिपीटर असतो, म्हणजे शिखरावरचं, आलेलं बोलणं पुढे पाठवणारं यंत्र. डोंगराळ उद्यानात एकच फ्रिक्वेन्सी जोडी अनेक शिखरांवरच्या रिपीटरांना दिलेली असते आणि रेंजर आपल्या हँडसेटवर वेगवेगळा टोन निवडून हवं ते शिखर जागं करतो. हे टोन आवाजाखाली दबलेले असतात, ११०.९, १२३.०, १३१.८ हर्ट्झ असे. शिखराचं नाव मुद्दाम सांगतात, म्हणजे डिस्पॅचला त्याच शिखरावरून उत्तर देता येतं. तुमच्या दृष्टीने हे नाव सोन्याच्या मोलाचं आहे, कारण त्यावरून बोलणारा कुठल्या खोऱ्यात आहे याचा अंदाज येतो.

तुमच्या वहीत वेळ, हाक मारणारा, उत्तर देणारा, रिपीटर आणि विषय असे पाच रकाने पाडा. विषयाच्या रकान्यातूनच बहुतेक उलगडा होतो. पाचशेवाल्यांचं तुम्ही स्वतःच ओळखलंत की! पंप आणि गटारं म्हणजे देखभाल विभाग.

सिएराकर

मूळचा पौडचा, आता अनेक वर्षं फ्रेस्नोजवळ राहतो. इथल्या एका उद्यानात स्वयंसेवक म्हणून जातो, त्यामुळे थोडं आतून माहीत आहे. ज्या गोष्टी गोपनीय नाहीत तेवढ्याच लिहितो.

आधी 'व्हीआयपी'. ते मंत्री नव्हेत, ते आम्ही! व्हॉलंटियर्स-इन-पार्क्स असा नॅशनल पार्क सर्व्हिसचा कार्यक्रम आहे, १९७० पासून चालू आहे. वाटेच्या तोंडाशी उभं राहून लोकांना पाणी किती न्या, अस्वलांपासून खाणं कुठे ठेवा हे सांगणारा निवृत्त शिक्षक म्हणजे व्हीआयपी.

'आरपी' म्हणजे रिपोर्टिंग पार्टी, ज्याने खबर दिली तो. बहुतेक वेळा एखादा घाबरलेला पर्यटक असतो. त्याच्याकडे रेडिओ नसतोच, म्हणून त्याने कधी उत्तर दिलं नाही.

आता आकडे. सगळ्या उद्यानांना लागू पडेल अशी एकच यादी नाही, प्रत्येक उद्यानाची आपली पद्धत असते. पण सर्वसाधारण कल असा की शेकडा हा विभाग किंवा भाग दाखवतो आणि गोल आकडा प्रमुखाचा असतो. उद्यानाचा सर्वोच्च अधिकारी सुपरिंटेंडंट, संरक्षणाच्या बाजूला चीफ रेंजर, त्याखाली भागाभागाचे डिस्ट्रिक्ट रेंजर आणि मग गस्तीवरचे. तुमच्या नोंदींत थ्री-ट्वेंटी-टू हा थ्री-ट्वेंटीला विचारत असेल आणि थ्री-ट्वेंटी हा थ्री-टेनला कळवत असेल, तर वरखाली कोण हे आकडे न बघताही ठरतं. कोण कोणाची परवानगी मागतो ते ऐका.

आणि सगळेच रेंजर पोलिसी कामाचे नसतात. माहिती सांगणारे, सहली नेणारे वेगळे, वन्यजीवांचे वेगळे, पायवाटा दुरुस्त करणाऱ्यांची टोळी वेगळी, आगवाले वेगळे. आगवाल्यांना ओळखणं सोपं, कारण ते आकड्याआधी साधनाचं नाव घेतात: इंजिन, क्रू, हेलिकॉप्टर. विमानातून आगीवर लक्ष ठेवून बाकीच्या विमानांना जागा नेमून देणाऱ्याची हाक 'एअर अटॅक'.

अनुनाद

वा! व्हीआयपींचं वाचून फार बरं वाटलं. त्या वाटेवर एक आजोबा मला खरंच भेटले होते, गळ्यात रेडिओ अडकवलेले. सिएराकर, 'रिव्हर आयसी'चं सांगाल का? माझा जीव तिथे अडकला आहे.

सिएराकर

सांगतो, कारण यातच सगळी गंमत आहे.

इथे कुठलीही दुर्घटना झाली की तिला लगेच एक नाव देतात, बहुतेक जवळच्या ठिकाणाचं. त्या घटनेची जबाबदारी घेणारा इन्सिडेंट कमांडर, म्हणजे आयसी. ही पद्धत १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मोठ्या वणव्यांनंतर तयार झाली. तेव्हा दहा संस्थांची माणसं एका आगीवर यायची, प्रत्येकाचे आकडे वेगळे, त्यामुळे कोण हुकूम देतोय तेच कळत नसे. म्हणून ठरलं की घटनेत जबाबदारीचं पद घेतलेला माणूस तेवढा काळ आपल्या नेहमीच्या आकड्याने बोलणार नाही, त्या घटनेतल्या कामाच्या नावाने बोलेल. तुमचा थ्री-ट्वेंटी-टू सर्वांत आधी पोचला म्हणून आयसी झाला. नंतर त्याच्यापेक्षा अनुभवी कोणी आला असता तर 'रिव्हर आयसी' ही हाक तीच राहिली असती, फक्त आवाज बदलला असता. सूत्रं दिली-घेतली की तसं डिस्पॅचला हवेवर स्पष्ट सांगतात. 'ट्रान्सफर ऑफ कमांड' असं काही ऐकलंत का?

अनुनाद

वही काढून बघितली. साधारण चाळीस मिनिटांनी 'थ्री-ट्वेंटी हॅज कमांड' असं लिहिलेलं आहे! त्या वेळी मला वाटलं थ्री-ट्वेंटीने काहीतरी हुकूम दिला. आता पुढचं पान वाचायला वेगळीच मजा येते आहे. थ्री-ट्वेंटी-टू पुन्हा आपल्या आकड्यावर येतो आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा मोकळी करायला जातो. 'एलझेड' म्हणजे तेच ना?

व्हीएचएफवाली

हो, लँडिंग झोन. आणि तुमचं शेवटचं कोडंही यातून सुटतं. थ्री-ट्वेंटी हा माणसाचा आकडा नाही, खुर्चीचा आहे. साहेब रजेवर गेले की जो प्रभारी असेल तो ती हाक वापरतो. पुरुषाचा आवाज गेला आणि बाईंचा आला म्हणजे त्या दिवशी पदभार बाईंकडे होता.

पण हे सगळीकडे गृहीत धरू नका. काही ठिकाणी आकडा माणसाच्या बिल्ल्याला चिकटलेला असतो, तो बदलीवर गेला तरी आकडा त्याच्याबरोबर जातो. दोन्हींतला फरक कळायला एकच उपाय: आठवडाभर ऐकायचं आणि आवाज व आकडा यांची जोडी फुटते का ते बघायचं. तुमच्याकडे एकदा फुटली, एवढा पुरावा पुरे आहे.

दगडफूल

एवढं ऐकत बसण्यापेक्षा हाकांच्या याद्या इंटरनेटवर तयार मिळतात, छंदिष्टांनी बनवलेल्या. त्या घेऊन पडताळत का नाही बसायचं?

व्हीएचएफवाली

पडताळा जरूर, पण शेवटी. यादी आधी वाचली की कान तिला जुळेल तेच ऐकतो. शिवाय विभागांची फेररचना झाली की आकडे बदलतात आणि यादी मात्र तशीच पडून राहते. मी काकांच्या पद्धतीच्याच बाजूने आहे. आधी वही, मग यादी.

यादीपेक्षा कामाची एक गोष्ट सांगते. बऱ्याच ठिकाणी आता पी-२५ नावाची डिजिटल पद्धत आहे. ती समजणारा स्कॅनर असेल तर प्रत्येक रेडिओचा स्वतःचा क्रमांक पडद्यावर दिसतो. तोंडी हाक काहीही असो, हँडसेट तोच असेल तर क्रमांक तोच. 'थ्री-ट्वेंटी-टू' आणि 'रिव्हर आयसी' एकच आहेत हे आवाजावरून न ओळखता तिथेच सिद्ध झालं असतं. साध्या स्कॅनरवर मात्र डिजिटल बोलणं नुसतं गुरगुरल्यासारखं येतं. आणि जिथे ते कूटबद्ध केलेलं असतं तिथे विषयच संपला, ते आपल्यासाठी नाही.

कुतूहल११

मस्त धागा! काका, स्कॅनर पुण्यात आणलाय का? सिंहगड, ताम्हिणी, भीमाशंकर या बाजूला वनखात्याचं असंच ऐकता येईल. आपण सगळे मिळून पुण्याची यादी करू या. माझ्याकडे संगणकाला लावायचा छोटा आरटीएल-एसडीआर डोंगल आहे, चोवीस मेगाहर्ट्झपासून सतराशेपर्यंत सगळं पकडतो.

दगडफूल

कुतूहल, इथे थांब. तिकडे अमेरिकेत उघड्या सरकारी बोलण्याकडे कान लावायला संघराज्याच्या कायद्याची साधारण आडकाठी नाही, काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत एवढंच. आपल्याकडची गोष्ट मुळातच वेगळी आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा, दोन्ही परवान्यावर उभे. १९३३ च्या कायद्यात तर बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागतो आणि यंत्र या शब्दात ऐकायचं यंत्रही येतं. आता त्या जागी दूरसंचार कायदा २०२३ टप्प्याटप्प्याने आला आहे, पण दुसऱ्यासाठी असलेला संदेश मधेच पकडण्याची मोकळीक त्यानेही दिलेली नाही. पोलीस, वनखातं, विमानतळ, सगळ्यांना हेच लागू. लोहगाव तर हवाई दलाचा तळ आहे. उगाच अंगाशी येईल.

माणिकडोह

मी वनखात्यातून निवृत्त झालो, नोकरीचा बराच काळ जुन्नरच्या बाजूला गेला. कुतूहलला रागावत नाही, या वयात असंच वाटतं. पण कायद्याच्या पलीकडचं एक कारण सांगतो.

उसात बिबट्या अडकल्याची खबर येते. वनरक्षक पोचतो, मागून पिंजरा, डॉक्टर, भुलीची बंदूक. त्या जनावराला सगळ्यात मोठा धोका कशाचा? बघ्यांचा. चारी बाजूंनी शेदोनशे माणसं जमली की बिबट्याला पळायला वाट उरत नाही आणि मग तो अंगावर येतो. भूल दिल्यावर औषध लागू व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ शांतता हवी असते. आमचं बोलणं चार हौशी लोकांनी ऐकून गटावर टाकलं, तर पिंजऱ्याआधी मोटारसायकली पोचतील. हीच गोष्ट चंदनचोरांची. आज रात्री गस्त कुठल्या भागात नाही, हे ज्याला कळलं त्याचं काम झालं.

रचनाच समजून घ्यायची असेल तर चोरून ऐकायची गरज नाही, ती उघड आहे. उपवनसंरक्षक हा विभागाचा प्रमुख, त्याला मदतीला सहायक वनसंरक्षक. विभागाचे परिक्षेत्र, तिथे वनपरिक्षेत्र अधिकारी. परिक्षेत्राची परिमंडळं, तिथे वनपाल. परिमंडळाची नियतक्षेत्रं, ज्याला आम्ही बीट म्हणतो, तिथे वनरक्षक. पायी फिरणारा हाच. त्याच्या खांद्याला खांदा लावून वनमजूर, ज्यांची नावं कुठेच येत नाहीत. सिएराकरांनी सांगितलेल्या साखळीशी पडताळून बघा, काम तेच आहे.

अनुनाद साहेबांनी सकाळच्या हजेरीचं लिहिलं ते वाचून मात्र गलबलून आलं. मेळघाटात काही काळ काढला आहे. तिथे जंगलाच्या पोटात संरक्षण कुट्या आहेत, दोनतीन माणसं, पावसाळ्यात नाले चढले की जगाशी संबंध तुटतो. मोबाईलला रेंज नाही. सकाळी वायरलेसवर एकेका कुटीचं नाव घेतलं जातं आणि पलीकडून 'सब ठीक' आलं की केंद्रातला माणूस पुढच्या नावाकडे जातो. उत्तर आलं नाही तर पुन्हा पुकारा, तरी नाही तर शेजारच्या कुटीतून माणूस निघतो. त्या बाई शेवटी पुन्हा हाक का मारतात, ते मला न सांगता कळलं.

सिएराकर

माणिकडोह, अगदी तेच. इथेही दूरच्या ठाण्यांवर उन्हाळाभर एकेकटा रेंजर राहतो, जवळच्या रस्त्यापासून एकदोन दिवसांच्या चालीवर. सकाळची हजेरी हीच त्याची सुरक्षा. १९९६ मध्ये किंग्ज कॅन्यनमध्ये एक अतिशय अनुभवी रेंजर गस्तीवर गेला आणि त्याचा रेडिओ गप्प झाला. शोध मोठा झाला, पण त्याचे अवशेष पाच वर्षांनी सापडले. हे इथले जुने लोक विसरलेले नाहीत.

अनुनादकाका, हाका ओळखायला तीच हजेरी सगळ्यात उपयोगी आहे. यादीचा क्रम रोज तोच असतो. पहिल्या दिवशी क्रम लिहून घ्यायचा, उद्यानाचा नकाशा समोर ठेवायचा आणि कुरणं-तळी शोधायची. त्यातल्या एखाद्या ठाण्याचा माणूस दिवसा आकड्याने बोलला आणि जागा तीच सांगितली, की आकडा आणि ठाणं जुळलं.

धागा-व्यवस्थापक

चर्चा उत्तम चालली आहे. दोन विनंत्या. कुठल्याही चालू यंत्रणेची फ्रिक्वेन्सी, रेंजरांची नावं किंवा गस्तीच्या वेळा इथे देऊ नयेत. भारतातल्या पोलीस, वन किंवा हवाई यंत्रणेचं बोलणं ऐकण्याच्या सूचना दिल्यास प्रतिसाद काढून टाकला जाईल.

कुतूहल११

माणिकडोह काका, पटलं. पुण्याच्या यादीचं डोक्यातून काढलं. मग मला ऐकण्याचीच हौस आहे तर रीतसर मार्ग कुठला? मला सरावाने ओळखायला शिकायचं आहे.

व्हीएचएफवाली

हौशी रेडिओचा परवाना काढ. वय बारा पूर्ण असलं की परीक्षा देता येते. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिलीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, लागत नाही, दुसरीला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. रिस्ट्रिक्टेडवाल्याची हाक 'व्हीयू३'ने सुरू होते, जनरलवाल्याची 'व्हीयू२'ने. म्हणजे भारतातल्या हॅमची हाक ऐकली की देश आणि श्रेणी दोन्ही कळतात. बाकी जगाचंही तसंच, 'के', 'डब्ल्यू', 'एन' अमेरिका, 'जेए' जपान. रोज संध्याकाळी ऐकलंस तर दोन महिन्यांत डोळे मिटून खंड सांगशील.

परवाना येईपर्यंत नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर आहे, ब्राउझरमध्ये उघडतो. रिसीव्हर त्यांचा, तू नुसता सुकाणू फिरवायचा. २९ मेगाहर्ट्झपर्यंतचं सगळं तिथे ऐकता येतं. कागद-पेन्सिल घेऊन बस आणि तेच पाच रकाने पाड. परवाना आल्यावर १४५.८०० मेगाहर्ट्झवर अवकाश स्थानकाचं उतरतं बोलणं ऐकायला मिळालं तर मला नक्की कळव.

एक भौगोलिक सूचना. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्या ज्या लहरी ऐकतात त्यांच्यापुढे आपला हँडसेट म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. त्या भागात गेलास तर परवाना असला तरी बटण दाबू नकोस.

दगडफूल

आणि ऑनलाइन स्वस्तात दिसणारे वॉकीटॉकी घेऊ नकोस. परवान्याशिवाय चालणारे म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे, तेही मान्यताप्राप्त असतील तरच. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच विक्रीवरून ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या होत्या.

अनुनाद

सर्वांचे मनापासून आभार. स्कॅनर जावयाकडेच आहे, पुण्यात आणलेला नाही.

वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढली. तीनशेची साखळी पूर्ण लागली: टेन, त्याखाली ट्वेंटी, त्याखाली ट्वेंटी-वन ते ट्वेंटी-फोर. कारण परवानगी नेहमी त्याच दिशेने मागितली जाते. पाचशे देखभाल. हजेरीतली ठाणी नकाशावर शोधली, एक सोडून सगळी सापडली. एका ठाण्याचा माणूस दुपारी आकड्याने बोलतो हेही जुळलं, दोन्हीकडे त्याने तुटलेल्या लाकडी पुलाचा उल्लेख केला आहे.

दोन गोष्टी अजून सुटल्या नाहीत. एक हाक 'वाइल्डलाइफ फोर' अशी आहे आणि ती फक्त रात्री नऊनंतर येते, तंबूंच्या जागांभोवती फिरत असते. आणि बोलणं संपवताना डिस्पॅचच्या बाई वेळेनंतर कधीकधी 'के'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि तीन आकडे म्हणतात, ते कशासाठी?

सिएराकर

वाइल्डलाइफ फोर म्हणजे अस्वलांची रात्रपाळी. खाणं उघड्यावर ठेवलेले तंबू शोधतात, अस्वल आलं तर हुसकावतात. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे मारावं लागतं, म्हणून ही पाळी. त्यांच्या बोलण्यात गळपट्ट्याचा किंवा कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक येत असेल, तो अस्वलाचा, माणसाचा नव्हे. वहीत वेगळ्या रंगाने लिहा.

दुसऱ्याचं उत्तर व्हीएचएफवाली देतील.

व्हीएचएफवाली

ती त्या केंद्राची अधिकृत हाक, प्रसारणाच्या परवानगीतली. 'के' म्हणजे अमेरिका, मी वर कुतूहलला सांगितलं तेच. बाकी सगळ्या हाका घरातल्या, ही एकटी सरकारदरबारी नोंदलेली. तीवरून माणूस ओळखता येत नाही, पण केंद्र ओळखता येतं. दोन उद्यानांचं बोलणं एकाच रिपीटरावर आदळत असेल तर ही फार कामाला येते. काका, त्या न सापडलेल्या ठाण्याचं नाव मला निरोपात पाठवा, माझ्याकडे त्या भागाचा जुना स्थलदर्शक नकाशा आहे.